जेड कोरला जात नाही, झिजवला जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे: चांदीकाम येतं, कोंदण बसवता येतं. आता जेड या मौल्यवान दगडाचं कोरीव काम शिकून कोरीव काम आणि दागिने हाच आयुष्यभराचा व्यवसाय करायचा आहे. सुरुवात कशी करावी, किती वर्षं लागतील आणि त्यावर घर चालेल का?

मी हे काम 26 वर्षं करते आहे. पहिली सहा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात गेली, पुढची स्वतःच्या टेबलावर. ‘कोरणं’ हा शब्द आपण सवयीनं वापरतो, पण जेड कोरला जात नाही. लाकडात छिन्नी शिरते, संगमरवराचा टवका उडतो. जेडवर यातलं काही चालत नाही, तो फक्त झिजतो. त्याच्याहून कठीण कण पाण्याबरोबर त्याच्यावर घासत राहायचे, आणि तो हळूहळू कमी होत जातो. कामाचा वेग, कमाई, नक्षीची धाटणी, एवढंच काय पाठदुखीसुद्धा, सगळं या एका गोष्टीतून येतं. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी तिथूनच देणार आहे.

जेड या नावाखाली दोन वेगळे दगड येतात. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी 1863 मध्ये हे दाखवून दिलं. एक नेफ्राइट, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडंफार लोह असलेलं सिलिकेट. दुसरा जेडाइट, सोडियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट. मोह्सच्या मोजपट्टीवर नेफ्राइटचं काठिण्य 6 ते 6.5 आणि जेडाइटचं 6.5 ते 7. म्हणजे साध्या गारगोटीपेक्षा हे दगड कठीण नाहीत. मग ते इतके हट्टी का? कारण त्यांचा चिवटपणा. नेफ्राइटचे अतिसूक्ष्म तंतू दाबून केलेल्या लोकरीच्या नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. भेग पुढे सरकायला सरळ वाटच मिळत नाही. काठिण्य म्हणजे ओरखडा न उठणं आणि चिवटपणा म्हणजे न तुटणं, हा फरक पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्का ठेवा. नवशिक्या माणसाच्या बहुतेक चुका या दोघांची गल्लत केल्यामुळे होतात.

या चिवटपणामुळेच नेफ्राइट विलक्षण पातळ करता येतो. शाहजहानचा 1657 सालचा पांढऱ्या नेफ्राइटचा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अर्ध्या भोपळ्याचा आकार निमुळता होत जातो आणि शेवटी बकऱ्याचं डोकं होतं, तळाशी कमळाच्या पाकळ्या. त्याचे मोठे फोटो मिळवा आणि नक्षीकडे पाहण्याआधी बाहेरची रेषा पाहा. तो आकार एका झटक्यात काढलेला नाही, तो घासून घासून ‘आणलेला’ आहे. चीनचा सम्राट छ्येनलोंग याला मुघल धाटणीच्या जेडचं अतोनात वेड होतं. स्वतःच्या दरबारात उत्तम कारागीर असताना तो त्या पातळ कडांचं कौतुक करत राहिला, हे मला फार बोलकं वाटतं.

आता शिकण्याबद्दल. तुम्हाला चांदीकाम येतं हा मोठा फायदा आहे, पण त्याची एक सवय मोडावी लागेल. चांदीत चूक झाली की टाका, म्हणजे वितळलेल्या धातूचा जोड, लावता येतो, वितळवून पुन्हा सुरुवात करता येते. जेडमध्ये गेलेला कण परत येत नाही. त्यामुळे पहिलं वर्ष मी विद्यार्थ्यांना नक्षी करूच देत नाही. सपाट पृष्ठभाग, सरळ कड, गोल चकती, मग गोळा. एवढंच. सपाट दगड खरोखर सपाट करायला किती वेळ लागतो हे कळलं, की माणूस नक्षी रेखाटतानाच शहाणा होतो. मी स्वतः पहिले चार महिने फक्त चकत्या घासल्या. तेव्हा राग यायचा. आज वाटतं, ते चार महिने आठ असते तर पुढची दोन वर्षं वाचली असती.

हत्यारांवर फार शब्द खर्च करत नाही. पाण्याखाली चालणारी हिऱ्याच्या कडेची छोटी करवत, पाण्याची धार सोडता येईल असा फ्लेक्स शाफ्ट किंवा मायक्रोमोटर (हातात धरून फिरवायची छोटी यंत्रं), हिऱ्याचे कण बसवलेले वेगवेगळ्या आकारांचे बर, म्हणजे यंत्राला लावायची घासणारी टोकं, भोकासाठी पोकळ ड्रिल, सिलिकॉन कार्बाइडचे पाणपेपर, डायमंड पेस्ट, आणि झिलईसाठी चामडं व लाकूड. बरांवर मुलामा दिलेले स्वस्त आणि आतपर्यंत हिरा भरलेले महाग असे दोन प्रकार असतात. महागडे चार घ्या, स्वस्त चाळीस घेऊ नका. भोक पाडताना अर्धं एका बाजूनं आणि अर्धं दुसऱ्या बाजूनं पाडायचं, नाहीतर बाहेर पडताना कडेचा टवका उडतो.

यंत्रं आली तरी तत्त्व जुनंच आहे. चीनमधल्या हांगजौजवळच्या ल्यांगजू संस्कृतीतले लोक सुमारे 5000 वर्षांपूर्वी दोरीला ओली वाळू लावून जेड कापत होते. त्यांच्या चौकोनी नळ्यांवरच्या काही रेषा आजही भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. आपल्याकडे मोटर आहे, हिरा आहे, त्यामुळे वेग वाढला. पण दोरीवाल्याला जे करावं लागे तेच आपल्यालाही करावं लागतं: थांबून बघायचं, धुवायचं, पुसायचं, पुन्हा बघायचं. ओला दगड खोटं बोलतो. पाण्यामुळे ओरखडे आणि बारीक चिरा दिसेनाशा होतात. दगड पूर्ण कोरडा करूनच निर्णय घ्या.

यातली खरी विद्या मात्र दगड वाचण्यात आहे. हातकौशल्य पाच-सहा वर्षांत येतं, ही नजर मला दहा वर्षं आली नव्हती. नदीतून आलेल्या दगडाला साल असते, तपकिरी किंवा पिवळसर, आणि आत काय आहे ते ती झाकून ठेवते. चीनच्या शिनज्यांगमधल्या होतान भागात युरुंगकाश आणि काराकाश या नद्या आहेत, एक पांढऱ्या आणि एक काळ्या जेडच्या नावानं ओळखली जाते. तिथला गोटा हजारो वर्षं पाण्यात लोळलेला असतो. त्याचा कमकुवत भाग नदीनंच झिजवून टाकलेला असतो, म्हणून त्याला इतका मान. खाणीतून फोडून काढलेल्या दगडात सुरुंगाच्या चिरा असू शकतात आणि त्या पृष्ठभागावर दिसत नाहीत. जोरदार टॉर्च दगडाला चिकटवून धरा, खोली अंधारी करा आणि दगड हळूहळू फिरवा. प्रकाश जिथे अचानक अडतो तिथे चीर किंवा थर असतो. जिथे तो धुक्यासारखा मऊ पसरतो तो भाग कामाचा.

म्यानमारच्या कचिन राज्यातला जेडाइट चीनच्या सीमेवरच्या रुइलीसारख्या बाजारांत न फोडता विकला जातो. एखादी बारीक ‘खिडकी’ घासलेली असते, बाकी सगळी साल. तिथे एक म्हण आहे, एका कापात कंगाल, एका कापात श्रीमंत. मी हा अनुभव घेतला आहे. खिडकीतून दिसणारा हिरवा रंग पाहून मी सगळ्या वर्षाची शिल्लक एका गोट्यात घातली. कापला तेव्हा हिरवा रंग नखाएवढा खोल निघाला, खाली सगळं राखाडी. विकणाऱ्यानं खिडकी नेमकी तिथेच घासली होती. त्याला दोष देऊन मी काही दिवस काढले, पण खिडकी बघून बाकीच्या सालीकडे बघायचं थांबवलं होतं ते मी. तेव्हापासून मी फक्त कापलेल्या लाद्या घेते, दोन्ही बाजू दिसतील अशा. सुरुवातीच्या दहा वर्षांत तुम्हीही न फोडलेला गोटा घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

दगड वाचला की मग आकार सुचतो, उलट नाही. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातली जेडाइटची कोबी जगभर प्रसिद्ध आहे. अर्धा पांढरा, अर्धा हिरवा आणि चिरा, डाग असलेला तो दगड. बांगडी किंवा फुलदाणी करायला घेतला असता तर बाद ठरला असता. कारागिरानं पांढऱ्याचा देठ केला, हिरव्याची पानं केली, चिरा पानांच्या शिरांत आणि दुमडींत लपवल्या आणि वर दोन किडे बसवले. माझ्या टेबलावर लाद्या कित्येक महिने नुसत्या पडून असतात. मी त्यांच्यावर पेन्सिलीनं रेषा काढते, पुसते, पुन्हा काढते. बाहेरून कुणाला हे रिकामपण वाटेल, पण सगळ्यात महाग निर्णय याच काळात होतात.

मग झिलई. नवशिक्यांचं निम्मं काम इथे वाया जातं, आणि दोष दगडाला दिला जातो. नेफ्राइटमध्ये तंतूंच्या दिशा वेगवेगळ्या असल्यामुळे काही भाग जास्त झिजतो, काही कमी. घाईनं झिलईवर गेलात तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत चमकतो. त्यावर उपाय झिलईत नाही, त्याच्या आधीच्या पायऱ्यांत आहे. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक: 220 नंबरच्या पेपरचा शेवटचा ओरखडा जाईपर्यंत 400 वर जायचं नाही, 400 चा जाईपर्यंत 600 वर नाही, आणि असं 3000 पर्यंत. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदला, म्हणजे जुने ओरखडे वेगळे उठून दिसतात. शेवटी चामड्यावर डायमंड पेस्ट, कमी वेग, हात हलका आणि दगड गार. चांगला झिललेला नेफ्राइट काचेसारखा चकाकत नाही. त्यावर तुपकट, मेणासारखी तकाकी येते आणि ती हाताळण्यानं आणखी खुलते. जेडाइटला मात्र काचेसारखी चमक येते आणि यायलाच हवी. दोघांना एकच झिलई देऊ पाहणारा कारागीर दोन्ही बिघडवतो.

मी ज्या तुकड्यांचे तास लिहून ठेवले आहेत त्यांत एकूण वेळेचा तिसरा हिस्सा, कधीकधी निम्मा, झिलईला गेलेला दिसतो. ग्राहकाला भाव सांगताना हाच भाग सगळे विसरतात.

आता तुमच्या हातात आधीपासून असलेल्या कसबाकडे येते. जेड घडवणारा आणि दागिना घडवणारा एकच माणूस असला, की दगडाला कोंदणासाठी बळी जावं लागत नाही. वेगवेगळे असले की सोनार म्हणतो ‘कड एक मिलिमीटर कमी कर’ आणि नेमका तिथेच पानाचा शेंडा असतो. मी दगड आणि धातू एकाच कागदावर रेखाटते. अर्धपारदर्शक जेडाइटची मागची बाजू बंद करायची की उघडी ठेवायची, हा मोठा निर्णय असतो. उघडी ठेवली तर प्रकाश आरपार जातो. बंद केली तर धातूचा रंग दगडात उतरतो, आणि मिळमिळीत हिरवा सोन्याच्या पाठीमुळे उबदार दिसू शकतो. खरेदी करताना मात्र बंद पाठीच्या दागिन्याबद्दल सावध राहा, कारण मागे काय लपवलंय ते दिसत नाही.

ज्योतीजवळ जेड कधीही नेऊ नका. सगळे टाके आधी, आम्लातली धुलाई आधी, धातूची झिलई आधी, आणि दगड सगळ्यात शेवटी. मुघल कारागिरांनी जेडमध्ये माणिक-पाचू बसवताना शुद्ध सोन्याचं कुंदन वापरलं. तिथे टाका नाही, ज्योत नाही, मऊ सोनं दाबून घट्ट केलं जातं. तुम्हाला कोंदण येतं म्हणजे ही वाट तुमच्यासाठी उघडीच आहे, आणि आज ती फार थोडे लोक चालतात.

हाँगकाँगचे रत्न कोरणारे आणि दागिने घडवणारे कलाकार वॉलेस चॅन यांची वाटचाल तुम्ही समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. जन्म 1956 चा. 1973 मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, ते दगडकामात उमेदवारीला लागले. दागिन्यांकडे ते पुष्कळ नंतर वळले. 1987 मध्ये त्यांनी पारदर्शक रत्नाच्या मागच्या बाजूनं आत कोरून समोरून चेहऱ्याची अनेक प्रतिबिंबं दिसतील अशी पद्धत सिद्ध केली. त्यासाठी दंतवैद्याचं यंत्र बदलून घेतलं आणि पाण्याखाली काम केलं, म्हणजे पाण्यात कोरायचं, बाहेर काढून पुसून बघायचं, पुन्हा पाण्यात. पुढे टायटॅनियम आणला, कारण मोठा दागिना अंगावर हलका हवा. त्यांची कीर्ती बाजूला ठेवली तरी क्रम पाहण्यासारखा आहे: आधी वर्षानुवर्षं दगड, मग धातू. तुमचा क्रम उलटा आहे आणि त्यात काही बिघडत नाही, पण दगडाला तेवढीच वर्षं द्यावी लागतील.

शिकायला चीनमध्ये सूजौ आणि यांगजौ ही जुनी केंद्रं आहेत. मिंग काळातला जेड कारागीर लू झगांग सूजौचा, त्याच्या चौकोनी पदकांचा नमुना आजही घडवला जातो. यांगजौत सुमारे 5 टनांचा जेडचा डोंगर, म्हणजे डोंगराच्या आकाराचं शिल्प, घडवला गेला, 1787 मध्ये पुरा झालेला, आणि आज तो बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. जर्मनीत इडार-ओबरश्टाइन हे रत्नकामाचं गाव आहे. तिथे उमेदवारीची परंपरा आहे आणि रत्न व दागिने या विषयाचं उच्च शिक्षणही मिळतं. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाची पोउनामु, म्हणजे तिथला हिरवा जेड, घडवण्याची परंपरा जिवंत आहे. तिथे 1997 च्या कायद्यानं नैसर्गिक पोउनामुची मालकी न्गाई ताहू या जमातीकडे परत गेली. त्यांचे आकार, विशेषतः हेइ तिकी हे मानवाकृती पदक, त्यांच्या पूर्वजांशी जोडलेले आहेत. सरावासाठी हवं तर घासा, पण ते स्वतःचं म्हणून विकू नका.

घर चालेल का? चालेल, पण फक्त मोठ्या कोरीव कामावर नाही, निदान पहिली पंधरा वर्षं नाही. माझं गणित असं आहे: लहान दागिने घर चालवतात, मोठी कामं नाव देतात. कानातले, साधी पदकं, एकाच दगडातून काढलेल्या अंगठ्या, तुटलेल्या बांगड्यांना सोन्याच्या पट्ट्यांनी जोडणं, ही माझी महिन्याची मिळकत. बांगड्या जोडण्याच्या कामाला कुणी मान देत नाही, पण ते वर्षभर येत राहतं आणि त्यातून जुने दगड हाताळायला मिळतात. आठवड्याचे दोन दिवस मी मोठ्या कामासाठी राखते आणि त्या दिवशी फोनही घेत नाही. प्रत्येक तुकड्याची वही ठेवा: दगड कुठून आला, किती वजनाचा, कापल्यावर किती उरला, कोणत्या टप्प्याला किती तास. तीन वर्षांनी ती वही तुम्हाला भाव सांगायला शिकवेल. कलादालनात विक्रीला काम ठेवलंत तर त्यांचा वाटा आधी लेखी ठरवा. सुरुवातीला एका दालनानं माझी सात कामं वर्षभर ठेवून घेतली आणि परत दिली तेव्हा त्यांतल्या दोन कामांच्या कडा उडालेल्या होत्या. कागद नव्हता, म्हणून काही करता आलं नाही.

आणि प्रामाणिकपणा. या व्यवसायात तो बिलावर लिहायचा असतो. व्यापारात जेडाइटचे प्रकार अक्षरांनी ओळखतात. ए म्हणजे नैसर्गिक, फार तर वरून मेण. बी म्हणजे आम्लात धुऊन डाग काढलेला आणि आत राळ भरलेला. सी म्हणजे रंगवलेला. बी प्रकार पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतो, पण राळ कालांतरानं पिवळी पडते आणि दगडाची वीण आम्लानं सैल झालेली असते. नुसत्या डोळ्यांनी तो खात्रीनं ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणी लागते. महाग जेडाइट त्याशिवाय घेऊ नका, विकूही नका. नावांनीही फसू नका. ‘न्यू जेड’ बहुधा सर्पेंटाइन असतो, ‘मलेशिया जेड’ म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झ, ‘इंडियन जेड’ म्हणजे अव्हेंच्युरिन. टेबलावर घनता, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड, ती मोजायची सोय करा: नेफ्राइट साधारण 2.95, जेडाइट 3.3 च्या वर, क्वार्ट्झ 2.65. हवेत आणि पाण्यात वजन करण्यापुरता एक चांगला काटा पुष्कळ फसवणूक थांबवतो.

दगड कुठून येतो याकडेही डोळेझाक करू नये. म्यानमारमधल्या फाकान्तच्या खाणींत जुलै 2020 मध्ये मातीचा ढिगारा कोसळून 170 हून अधिक माणसं गेली. बरेच जण टाकलेल्या मातीत जेडचे तुकडे शोधून पोट भरणारे होते. त्यानंतर मी नवा जेडाइट घेणं बंद केलं. जुन्या मोडलेल्या दागिन्यांमधला आणि कापून शिल्लक राहिलेला वापरते, आणि बाकी काम नेफ्राइटमध्ये करते. कमाई कमी झाली, आणि तरीही हा निर्णय मी पुन्हा घेईन.

शरीराबद्दल एकच गोष्ट, पण ती मनावर घ्या: कोरडा दगड कधीही घासू नका, एक मिनिटही नाही. नेफ्राइट ज्या ट्रेमोलाइट-ॲक्टिनोलाइट खनिजांचा बनलेला असतो, त्यांचीच तंतुमय रूपं ॲस्बेस्टॉसमध्ये, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतूंमध्ये, मोडतात. पाण्याची धार चालू, बारीक धूळ अडवणारा खरा मास्क, आणि काम संपल्यावर टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं, झाडायचं नाही. पाणी आणि वीज एकत्र असल्यामुळे गळती होताच वीज तोडणारं स्विच बसवून घ्या. बोटं बधिर व्हायला लागली तर त्या दिवशी काम बंद.

सुरुवात म्हणून मुठीएवढा साधा, गडद हिरवा नेफ्राइट घ्या, कापलेल्या लादीचा. त्यातून 40 मिलिमीटर व्यासाची, 5 मिलिमीटर जाडीची, मध्ये भोक असलेली चकती घडवा. जेडमधला हा सगळ्यात जुन्या आकारांपैकी एक. नक्षी नको. झिलई झाली की कोरडी करून ती दिव्याखाली तिरपी धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाची रेषा कडेपर्यंत न थरथरता गेली तर दुसरी चकती घ्या आणि तिच्यावर पहिली रेघ आखा. मध्येच वाकली तर 400 च्या पेपरपासून पुन्हा.